सुणें, कुत्रा आणि श्वान : मराठी मुलखातील एका सोबत्याचा नामेतिहास

१

नागपूरच्या पूर्व भागातील ज्या वसाहतीत प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य आहे, तिचे नाव नंदनवन. नंदनवन हे पुराणप्रसिद्ध इंद्राचे उद्यान होय. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर हिमालय चढून जातो, तेव्हा भाऊ आणि पत्नी वाटेत गळून पडतात. अखेरपर्यंत त्याच्यामागे येतो तो एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन सामोरा येतो व सांगतो की, कुत्रे बाळगणारांस स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर कुत्र्यावाचून रथात पाऊल ठेवण्याचे नाकारतो, आणि तो कुत्रा प्रत्यक्ष धर्म असल्याचे उघड होते. इंद्राचा तो प्रवेशनिषेध आमच्या नंदनवनात मात्र कोणी पाळलेला दिसत नाही. रात्रीचे दहा वाजले की प्रत्येक चौकाचा ताबा तेथील चार-पाच कुत्री घेतात, आणि एका चौकातील कुत्रे दुसऱ्या चौकात शिरल्यास काय होते, हे वसाहतीतील सर्वांस कानांनी ठाऊक आहे.

काही वर्षांपूर्वी ह्या वसाहतीतील एका भिंतीवर भटक्या कुत्र्यांना अन्न घालू नये, अशी सूचना लागली. त्याच दिवशीच्या वृत्तपत्रात पोलिसांच्या श्वानपथकाने एका चोरीचा माग काढल्याची बातमी होती. आमच्या शेजारच्या काकू रोज सायंकाळी दारापुढच्या कुत्र्यांना पोळीचे तुकडे घालीत. त्यांनी ती बातमी आणि ती सूचना ह्या दोहोंकडे पाहून विचारले, “सर, तुम्ही भाषेचे माणूस. मला एवढं सांगा, जे काम करतं ते श्वान आणि जे उपाशी असतं ते कुत्रं, असं आहे का?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा होता; परंतु त्याचे उत्तर शोधू लागल्यावर असे ध्यानात आले की, मनुष्याशी सर्वांत जुने सख्य असलेल्या ह्या प्राण्याचा मराठीतील नामेतिहास अतिशय विलक्षण आहे. त्या इतिहासाचा थोडक्यात आढावा घ्यावा व त्यातून काही निष्पन्न होते काय ते पाहावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम काळाचे मान ध्यानी घ्यावयास हवे. गाय, शेळी, घोडा हे सारे प्राणी माणसाळले ते शेतीच्या आरंभी किंवा त्यानंतर. कुत्रा त्या सर्वांच्या आधीचा. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे स्त्री-पुरुषांसमवेत पुरलेल्या कुत्र्याचे अवशेष सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे ठरले आहेत. म्हणजे नांगर व शेती ह्यांपैकी काहीही अस्तित्वात नसताना कुत्रा मनुष्याच्या थडग्यात स्थान मिळवून बसला होता. आपल्या देशात काश्मीरमधील बुर्झहोम येथील नवाश्मयुगीन वसाहतीतही कुत्र्यांची दफने सापडली आहेत.

इतक्या जुन्या सोबत्याचे नावही तितकेच जुने असावे, अशी अपेक्षा करणे स्वाभाविक आहे. आणि बहुतेक भाषाकुलांत ती खरी ठरते. संस्कृतातील ‘श्वन्’ हा शब्द घ्या. त्याची षष्ठी ‘शुनः’. ग्रीक भाषेत कुत्रा ‘क्युओन्’ आणि त्याची षष्ठी ‘कुनोस्’. लॅटिनात ‘कानिस्’, जर्मनमध्ये ‘हुण्ड’. ही सारी रूपे एकाच मूळ शब्दाची होत. प्राचीन इराणातील मीड लोकांच्या भाषेतही हाच शब्द होता, ह्याची साक्ष हिरोडोटसने देऊन ठेवली आहे : सायरस राजाला लहानपणी वाढविणाऱ्या स्त्रीचे नाव स्पाको होते आणि मीडांच्या भाषेत ‘स्पाका’ म्हणजे कुत्री, असे तो सांगतो. पाणिनीने तर एका सूत्रात (६.४.१३३) श्वन्, युवन् आणि मघवन् ह्या तीन शब्दांना एकत्र ओवले आहे, कारण तिन्हींची रूपे विशिष्ट विभक्तींत सारखीच आकुंचन पावतात. मघवन् म्हणजे इंद्र. स्वर्गाच्या दारी ज्या दोघांचे पटले नाही, ते व्याकरणाच्या दारी एका पंक्तीस बसले. त्यांच्यामध्ये एक तरुण बसविला आहे एवढेच. काच आणि मणी एका दोऱ्यात ओवणाऱ्या मुलीची उपमा देऊन पुढील पंडितांनी ह्या सूत्राची थट्टा केलेली प्रसिद्ध आहे.

नागपूरच्या परिसराचे वैशिष्ट्य असे की, येथून दोन-तीनशे किलोमीटरांच्या टापूत तीन भिन्न भाषाकुले नांदतात, आणि म्हणून ही परीक्षा घरबसल्या करता येते. गोंडीत कुत्र्याला ‘नय’ किंवा ‘नइ’ म्हणतात. तमिळमधील ‘नाय्’ व कन्नडमधील ‘नायि’ हे त्याचे सख्खे भाऊ. तमिळ प्रदेश येथून किती तरी दूर. मध्ये तेलुगूचा मोठा पट्टा, जेथे रूढ शब्द ‘कुक्क’ हा आहे. तरीही गोंडीने आपल्या द्राविड पूर्वजांचा शब्द सोडला नाही. मेळघाटातील कोरकू लोक कुत्र्याला ‘सिटा’ म्हणतात, आणि शेकडो कोस पूर्वेस संथाळी भाषेत तोच शब्द ‘सेता’ असा आढळतो. दोन्ही मुंडा कुलातील भाषा. अर्थात गोंडी व कोरकू ह्या दोहोंनी वाडवडिलांनी दिलेले नाव जपले आहे.

राहिली मराठी. तिच्या वाट्याला आलेला वारसा ‘श्वन्’चा. त्याचे तिने काय केले?

३

आज कोणत्याही मराठी घरात कुत्र्याला ‘कुत्रा’ म्हणतात. हा शब्द ‘श्वन्’पासून कोणत्याही ध्वनिनियमाने सिद्ध होत नाही. प्राकृतातील ‘कुत्त’ ह्या शब्दाशी त्याचे नाते आहे, हिंदीत ‘कुत्ता’ आणि गुजरातीत ‘कूतरो’ ही त्याची भावंडे आहेत; पण त्यापलीकडे संस्कृतात त्याला ठाम आधार मिळत नाही. जनावराला जवळ बोलावण्याच्या आवाजातून तो निघाला असावा, असा तर्क केला जातो व तो संभाव्यही आहे.

परंतु मराठीत आरंभापासून अशी स्थिती नव्हती. जुन्या मराठीत कुत्र्यासाठी ‘सुणें’ हा शब्द होता. संस्कृत ‘शुनक’, प्राकृत ‘सुणअ’, मराठी ‘सुणें’ : व्युत्पत्तीची साखळी अखंड आहे. विदर्भातच, रिद्धपूरच्या महानुभाव परंपरेत, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात जे मराठी गद्य सिद्ध झाले, त्याच्या काळची ही भाषा. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’तील सशाची लीळा प्रसिद्ध आहे : पारध्यांची कुत्री मागे लागलेला एक ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो, पारधी तो मागतात, शरण आलेल्यास देता येत नाही असे स्वामी सांगतात. त्या सशाच्या मागे धावणारी ती ‘सुणीं’ होती, कुत्री नव्हेत.

पुढे कोणत्या तरी काळी ‘सुणें’ मागे पडले आणि ‘कुत्रा’ पुढे आला. हे का घडले असावे? एक शक्यता अशी की, ‘सून’ म्हणजे स्नुषा, तिचे अनेकवचन ‘सुना’, आणि शून्य ह्या अर्थाचे ‘सुनें’, ह्या सर्वांची गर्दी कानाला नकोशी झाली असावी. घरात सून आणि अंगणात सुणें असताना हाक कोणाला मारली, ह्याचा घोटाळा कोणत्याही सासूला परवडणारा नाही. हे कारण आकर्षक आहे. तथापि ते पुरेसे नाही. कोकणीत सून ‘सून’च आहे, आणि तरीही गोव्यात आजही कुत्र्याला ‘सुणें’ म्हणतात. जी अडचण मराठीला सोसली नाही, ती कोकणीला अद्याप जाणवलेली नाही.

ह्याहून अधिक बोलकी गोष्ट वेगळीच आहे. इंग्रजीत मूळ शब्द ‘हाउंड’ हा होता, आणि तो ‘श्वन्’च्या कुळातला. तो सामान्य कुत्र्यासाठी वापरला जाई. पुढे ‘डॉग’ हा शब्द उगवला, ज्याचे मूळ आजही निश्चित नाही, आणि सोळाव्या शतकापर्यंत त्याने ‘हाउंड’ची जागा घेतली. स्पॅनिश भाषेत लॅटिन ‘कानिस्’चा वंशज ‘कान्’ हा होता. त्याला ‘पेर्रो’ ह्या अज्ञातकुल शब्दाने हुसकावले. म्हणजे इंग्रजी, स्पॅनिश आणि मराठी ह्या तीन एकमेकींना न विचारणाऱ्या भाषांनी एकच गोष्ट केली : कुलीन शब्द टाकला व अनाथ शब्द घरात घेतला.

ह्याचे एक कारण प्रस्तुत लेखकास असे वाटते. कुत्र्याशी मनुष्य नुसता त्याच्याविषयी बोलत नाही, तर त्याच्याशी बोलतो. गायीम्हशींनाही आपण हाका मारतो, पण कुत्र्याइतके चोवीस तास कोणाशी बोलणे होत नाही. ‘यू यू’ म्हणून बोलावणे, ‘छू’ म्हणून अंगावर सोडणे, ‘हाड’ म्हणून हाकलणे, मुलांनी त्याला ‘भूभू’ म्हणणे, हे सारे भाषेच्या व्याकरणाबाहेरचे, तोंडातोंडी चाललेले व्यवहार आहेत. अशा बोलावण्या-हाकलण्याच्या आवाजांतून नवा शब्द सतत उगवण्यास वाव राहतो. ‘हाड’ ह्या उद्‌गारापासून तर ‘हाडहाड करणे’ असा माणसांच्या अपमानाचा वाक्प्रचारही सिद्ध झाला आहे. ज्याला आपण ‘हाड’ म्हणून हाकलतो, त्याला त्याच अक्षरांची दुसरी वस्तू किती प्रिय आहे, हा योगायोग कुत्र्यांस कळला असता तर त्यांनी आपल्या भाषेविषयी काय मत करून घेतले असते, ते सांगवत नाही.

४

तरी ‘सुणें’ हा शब्द मराठीतून समूळ गेला, असे म्हणता येत नाही. तो गावातून उठला आणि रानात गेला. विदर्भाच्या जंगलांत आढळणाऱ्या रानकुत्र्याला मराठीत ‘कोळसुणा’, ‘कोळसुंदा’ असे म्हणतात. ह्या शब्दाचा उत्तरार्ध म्हणजे तेच जुने सुणें. कर्नल साइक्स ह्या मुंबई लष्करातील अधिकाऱ्याने दख्खनच्या प्राण्यांची पाहणी करून १८३१ मध्ये ह्या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याचे मराठी नाव ‘कोलसुन’ असे नोंदवून ठेवले. इंग्रजीतही असेच घडले, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल : ‘हाउंड’ शब्द नष्ट झाला नाही, तो शिकारी कुत्र्यापुरता उरला. दोन्ही भाषांत जुने नाव शिकार करणाऱ्याकडे गेले.

हा कोळसुणा घरच्या कुत्र्याचा पूर्वज मात्र नव्हे. घरचा कुत्रा लांडग्याच्या कुळातला; कोळसुण्याची जातच निराळी. घरच्या कुत्र्याला बेचाळीस दात असतात, कोळसुण्याला चाळीसच. तो भुंकत नाही. कळपातील सोबत्यांना शिट्टीसारखा आवाज काढून साद घालतो. ताडोबाच्या व पेंचच्या रानात ही शिट्टी ऐकलेल्यांस ती कुत्र्याची आहे हे सांगूनही पटत नाही. नागपूरच्या उत्तरेस सिवनीच्या डोंगरांत घडणाऱ्या किपलिंगच्या कथांपैकी ‘रेड डॉग’ ह्या १८९५ मधील कथेत ह्याच रानकुत्र्यांचा थवा दख्खनहून येतो, आणि वाघालाही भीती घालणारा असा त्याचा लौकिक सांगितला आहे. ह्या लौकिकापायी इंग्रजी अमदानीत रानकुत्रा मारणारास बक्षीस मिळे. आज तो जगभर धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रक्षिला आहे. ज्याचे नाव भाषेने रानात लोटले, तो प्राणीही रानातून नाहीसा होण्याच्या काठावर उभा राहावा, हे विचार करण्याजोगे आहे.

५

शब्दाकडून आता व्यक्तीकडे वळू. कारण महाराष्ट्राच्या इतिहासात नाव धारण करणारे दोन कुत्रे आहेत, आणि त्यांच्या स्मृतींचे जे झाले तेही ह्या शब्दकथेसारखेच आहे.

पहिला खंड्या. सातारचे छत्रपती शाहू महाराज (मृत्यू १७४९) ह्यांचा हा आवडता कुत्रा. शिकारीच्या प्रसंगी वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचविला, असे सांगतात. ग्रँट डफ ह्याने साताऱ्यात राहून, तेथील दप्तर व माणसे जवळून पाहून लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तो नमूद करतो की, शाहू महाराजांनी एका सरदाराच्या भेटीच्या वेळी ह्या कुत्र्याला जरीची वस्त्रे व जवाहीर घालून त्याच्या मस्तकी स्वतःची पगडी ठेवली, व त्यानंतर स्वतःच्या मस्तकी काही घातले नाही. कुत्र्याच्या नावे जहागिरीची सनद झाली, त्याला पालखीचा मान मिळाला, आणि पालखीचा सरंजामही चालू ठेवण्यात आला. ग्रँट डफने हा राजाचा लहरीपणा म्हणून सांगितला आहे. परंतु ज्या राजाचे बालपण व तारुण्य मोगलांच्या कैदेत गेले, आणि १७०७ मध्ये सुटून आल्यावर ज्याला आपल्याच आप्तांशी झुंजून गादी मिळवावी लागली, त्याला आपला जीव वाचविणाऱ्याच्या निष्ठेची किंमत पगडीएवढी वाटली असल्यास, ती लहर म्हणावी की हिशेब म्हणावा, हे वाचकांनी ठरवावे. साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, संगम माहुली येथे, जेथे स्वतः शाहू महाराजांची समाधी आहे, तेथेच ह्या कुत्र्याचीही समाधी दाखविण्यात येते. नागपूरकरांना एवढे स्मरण पुरे की, आपल्या भोसले घराण्याचे संस्थापक रघूजी ह्यांच्यावर ज्याची मर्जी होती व ज्याच्या सनदेने वऱ्हाडाकडील त्यांची सत्ता पक्की झाली, तो हाच राजा.

दुसरा वाघ्या. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ ह्याचे स्मारक आहे, ते १९३६ मध्ये उभे राहिले; त्यास इंदूरच्या होळकरांचे द्रव्यसाहाय्य होते. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे देहावसान झाले तेव्हा ह्या कुत्र्याने चितेत उडी घेतली, अशी कथा आहे. परंतु शिवकालीन कागदपत्रांत ह्या कुत्र्याचा पत्ता लागत नाही, आणि महाराजांच्या निर्वाणानंतर सतराच वर्षांनी, १६९७ मध्ये लिहिलेल्या सभासदाच्या बखरीतही त्याचे नाव नाही. ही कथा लोकांच्या मनात रुजविण्यात राम गणेश गडकरी ह्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘राजसंन्यास’ नाटकाचा वाटा मोठा आहे. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले ते आमच्या नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे. नाटक त्यांच्या मागे राहिले, आणि नाटकातील कुत्रा त्यांच्याही मागे गडावर जाऊन बसला. ऑगस्ट २०१२ मध्ये काही कार्यकर्त्यांनी तो पुतळा तेथून काढून टाकला, व तो पुन्हा बसविण्यात आला. २०२५ मध्ये संभाजीराजे छत्रपती ह्यांनी तो हटविण्याची मागणी शासनाकडे केली, तेव्हा पुन्हा दोन्ही बाजूंनी मोठा वाद झाला.

येथे दोन्ही कथांची तुलना करून पाहावी. ज्या कुत्र्याविषयी सातारच्या दरबाराशी निकट संबंध असलेल्या इतिहासकाराची साक्ष आहे, ज्याच्या सनदेचा व पालखीचा उल्लेख आहे, तो खंड्या सातारा जिल्ह्याबाहेर क्वचितच कोणास ठाऊक असेल. ज्याच्याविषयी समकालीन पुरावा नाही, तो वाघ्या मात्र शाळकरी मुलांनाही माहीत आहे. ज्याची वंशावळ स्पष्ट ते ‘सुणें’ लोपले आणि ज्याची वंशावळ कळत नाही तो ‘कुत्रा’ घराघरांत राहिला, त्यातलाच हा प्रकार. लोकांच्या तोंडी काय टिकते ह्याचा पुराव्याशी संबंध असतोच असे नाही.

ह्यावरून वाघ्याची कथा निंद्य आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. ती इतिहास म्हणून सिद्ध होत नाही, एवढेच अभ्यासकाने निःसंदिग्धपणे सांगावे. पण स्वामीमागे जाणारा कुत्रा हे जे चित्र लोकांनी इतक्या आवडीने स्वीकारले, त्याची मुळे महाराष्ट्रात नाटकाहून जुनी आहेत. जेजुरीच्या खंडोबासमवेत कुत्रा असतोच, आणि त्याच्या सेवेला वाहिलेल्या पुरुषाला ‘वाघ्या’ म्हणतात. हे वाघे विशिष्ट विधीच्या वेळी देवाचे कुत्रे होऊन भुंकतात व कोटंब्यातील प्रसाद तोंडाने खातात. वाघ नावाचा माणूस कुत्रा होतो, आणि कुत्र्याचे नाव वाघ असते : नावाची ही उलटापालट नाटककाराने योजलेली नाही, ती त्याला परंपरेने दिली. माहूरच्या दत्ताजवळचे चार कुत्रे म्हणजे चार वेद, असे भाविक मानतात. इकडे धर्मशास्त्राने कुत्र्याला अस्पृश्य ठरविले आणि त्याचे मांस शिजविणारा तो ‘श्वपच’ असे एका मानवसमूहाचेच नाव करून टाकले. तिकडे लोकदैवताच्या पायाशी त्याच कुत्र्याला वेदांचे स्थान मिळाले. शास्त्राने काय म्हटले आणि लोकांनी काय केले, ह्यांतील अंतर मोजण्यास कुत्र्याएवढे सोयीचे माप दुसरे नाही.

६

आता काकूंच्या प्रश्नाकडे परत येऊ. काम करते ते श्वान व उपाशी असते ते कुत्रे, असे आहे का?

आजच्या मराठीपुरते पाहिल्यास, होय, जवळजवळ तसेच आहे. पोलिसांचे ‘श्वानपथक’, प्रदर्शनातील ‘श्वान’, पाळणाऱ्याचे ‘श्वानप्रेम’. परंतु रस्त्यावरचे ‘कुत्रे’. १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांनंतर तीन हजार किलोंहून अधिक स्फोटके हुडकणारा लॅब्राडोर जंजीर २००० साली मरण पावला, तेव्हा त्यास पोलिसांनी मानवंदना दिली. त्याच्याविषयी लिहिताना सर्वांनी ‘श्वान’ हा शब्द वापरला असल्यास नवल नाही. ‘कुत्र्या’च्या वाट्याला मात्र म्हणी आल्या : शेपूट वाकडे ते वाकडेच, आणि ज्याचे हाल कुत्रा खात नाही असा तो दुर्दैवी. पावसाळ्यात उगवणाऱ्या आळंब्यांनाही आपण ‘कुत्र्याच्या छत्र्या’ म्हणतो. निदान तेथे तरी भाषेने त्याला पावसात आडोसा दिला आहे.

पण एक शब्द ह्या यादीत नवा आहे, आणि तोच महत्त्वाचा. पूर्वी गावात ‘गावकुत्रा’ असे. त्याला एका घराचा धनी नसे, तरी तो बेवारस नसे. तो गावाचा असे. त्याच्या नावात मालकीची उणीव नव्हती, पत्ता होता. आजचे ‘भटका’, ‘मोकाट’, ‘बेवारस’ हे शब्द शहरी कारभारातून रूढ झाले. ‘बेवारस’ तर फारसी वळणाचा. ज्याला वारस नाही तो. हे शब्द प्राण्याचे वर्णन करीत नाहीत, त्याच्यावर आरोप ठेवतात. नंदनवनातील आमच्या चौकाचा कुत्रा भटकत नाही. वर्षानुवर्षे तो त्याच चौकात असतो. भटकतो तो आम्हीच.

अशा शब्दांचे परिणाम कसे होतात, ह्याचे एक जुने उदाहरण मुंबईत आहे. १८३२ साली सरकारने बेवारस कुत्री मारण्याची मोहीम कडक केली व मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे ठरविले. बक्षिसाच्या लोभाने घरांतूनही कुत्री ओढून नेली जाऊ लागली. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र मानतात. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी असा त्यांचा ‘सगदीद’ नावाचा संस्कार आहे. ६ जून १८३२ रोजी पारशांचा जमाव शिपायांवर तुटून पडला. दुसऱ्या दिवशी हिंदू, जैन व मुसलमान व्यापारीही त्यांस मिळाले, बाजार बंद झाले, किल्ल्यातील व कुलाब्याकडील गोऱ्यांचा रसदपुरवठा थांबला, आणि अखेर लष्कर बोलवावे लागले. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद ह्यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ स्थापन झाला. बेवारस कोणास म्हणावे हा प्रश्न शिपायाच्या काठीवर सोपविल्यास काय घडते, ते त्या दोन दिवसांत दिसले.

नागपुरातही हा प्रश्न न्यायासनापर्यंत गेला. २० ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले की, ज्यांना भटक्या कुत्र्यांना अन्न घालावयाचे असेल त्यांनी ती रीतसर दत्तक घ्यावीत व घरी न्यावीत. १६ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. २०२३ मध्ये केंद्र शासनाने जन्मनियंत्रणाचे जे नवे नियम केले, त्यांत रस्त्यावरच्या प्राण्यांसाठी ‘समुदायाचे प्राणी’ अशा अर्थाची संज्ञा योजली आहे. ही संज्ञा वाचताना प्रस्तुत लेखकास ‘गावकुत्रा’ आठवला. जो शब्द आमच्या खेड्यांत होता, तो शासनाला पुन्हा नव्याने घडवावा लागला. १९७२ चा कायदा रानातल्या सुण्याचे रक्षण करतो. गावातल्या कुत्र्याचे काय करावे ह्याचा वाद २०२५ मध्येही सर्वोच्च न्यायालयासमोर चालूच होता.

कुत्र्याच्या चाव्याने माणसे मरतात आणि मुले जखमी होतात, हे खरे आहे. त्या प्रश्नाचे उत्तर शब्दकोशात सापडणार नाही. लस, निर्बीजीकरण आणि कचऱ्याची विल्हेवाट हीच त्याची उत्तरे. परंतु ज्या प्राण्याशी आपण १४,००० वर्षे बोलत आलो, त्याला काय म्हणावयाचे हे ठरविताना आपण त्याची जागाही ठरवीत असतो, एवढे तरी भाषेच्या अभ्यासकाने सांगावयास हवे.

काकूंना हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग पूर्वी काय म्हणत, सुणें?” तेव्हापासून त्या आपल्या दारापुढच्या तांबड्या कुत्रीला ‘सुणी’ म्हणतात. ती ह्या हाकेला ओ देते. सातशे वर्षांपूर्वीचा शब्द नंदनवनातील एका गल्लीत, रोज सायंकाळी साडेसहाच्या सुमारास, पुन्हा ऐकू येतो.